पायाखालची जमीन : हौदाची माती, कुटीचे सारवण आणि क्रीडागृहातील लाकूड

थ्रेड

१. दिनांक १४ ऑगस्ट १९३६. बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा अंतिम सामना चालू होता. हा खेळ प्रथमच पदकांसाठी खेळला जात होता आणि संयोजकांनी त्यासाठी टेनिसची उघडी, मातीची कोर्टे दिली होती. पाऊस आला, मातीचा चिखल झाला आणि चेंडू जमिनीवर आपटला की तिथेच रुतू लागला. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. लाकडी जमिनीवर जन्मलेला खेळ मातीत आणल्यावर त्याचे काय होते, हे जगाने त्या दिवशी पाहिले.

२. त्याच ऑलिंपिकच्या वेळी वऱ्हाडातून गेलेले एक पथक बर्लिनमध्ये होते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आणि त्याच वर्षी, ३० एप्रिल १९३६ रोजी, अमरावतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात महात्मा गांधी राहावयास आले. बुलढाण्याच्या शेगावशी नावाची गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

३. बर्लिनचा चिखल, अमरावतीचा आखाडा आणि सेवाग्रामची सारवलेली कुटी यांचा एकमेकांशी काय संबंध? तिन्ही ठिकाणी प्रश्न पायाखालच्या जमिनीचा आहे. खेळाच्या इतिहासात विक्रम येतात, वीर येतात, वास्तूंचे उद्घाटक येतात. जमीन रोज खेळण्याजोगी कोणी ठेवली, कशी ठेवली, हे मात्र क्वचितच येते. या थ्रेडचा विषय तोच आहे.

४. प्रथम वर्धा जिल्ह्याची भूमी. हा प्रदेश दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा. त्यावर कापसाची काळी माती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून या भागात घर बांधताना जोत्यात काळी माती ठेवत नाहीत. ती काढून मुरूम भरतात, पाणी मारून धुम्मस करतात आणि मग त्यावर जमीन करतात. हे चुकले तर फरशी उचलते, भिंत तडकते. येथील माणसाला जमीन हलते, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

५. हवामानही तसेच टोकाचे. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलाव्याने जड होते. माती असो वा लाकूड, दोन्ही या चक्राबरोबर फुगतात आणि आकसतात. त्यामुळे येथे जमिनीची निगा म्हणजे मुळात ओलाव्याची निगा.

६. आता आखाडा. महाराष्ट्रात मल्लविद्येची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या खेळाला स्वतंत्र स्थान आहे. तालमीतला कुस्तीचा हौद म्हणजे छताखालचे क्रीडांगणच होय. जमीन खोल खणून त्यात चाळलेली, खडे काढलेली तांबडी माती भरतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर असे पदार्थ मुरवतात. प्रमाण प्रत्येक तालमीचे वेगळे आणि ते वस्तादाच्या हाताला ठाऊक.

७. या पदार्थांमागे व्यवहार आहे. तेल आणि ताक माती मऊ ठेवतात, धूळ उडू देत नाहीत. हळदीने खरचटलेली जागा चिघळत नाही, अशी मल्लांची श्रद्धा. माती फार ओली झाली तर पाय रुततो आणि गुडघा पिरगळतो. फार कोरडी झाली तर ती दगडासारखी बसते आणि पाठीवर पडलेल्या मल्लाला मार लागतो. योग्य ओलावा म्हणजे मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि सोडली तर सुटावा. कोणतेही यंत्र नसताना केलेली ही परीक्षाच होती.

८. आखाड्याची खरी गोष्ट पुढे आहे. हौद रोज खणावा लागतो. पहाटे फावडे घेऊन माती उकरणे, ती उलटीपालटी करणे, मग फळी ओढून सपाट करणे हे काम तालमीतले पोरगे करतात आणि वस्ताद त्यालाच मेहनत म्हणतात. खांदे, कंबर, मनगट यांना जो व्यायाम जोर-बैठकांतून मिळतो तोच येथे फावड्यातून मिळतो. जमिनीची निगा आणि खेळाडूची घडण ही एकाच घामात होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये, खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले, तरी त्याचा प्राण असलेला हौद फावड्यानेच जिवंत राहिला.

९. खेळातल्या लाकडाची निगा मराठी माणसाने केली ती मल्लखांबाच्या रूपाने. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या पुन्हा प्रचारात आणली, अशी परंपरा सांगते. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो आणि त्याला एरंडेल तेल लावतात. तेलाने लाकूड तडकत नाही आणि अंगाचे घर्षण कमी होऊन कातडी सोलली जात नाही. उभ्या लाकडाला जे तेल अमृत, तेच आडव्या लाकडाला विष. लाकडी कोर्टावर तेलाचा थेंब म्हणजे घसरणाऱ्या पायाला निमंत्रण. एकच द्रव्य, पण कार्य बदलले की निगेचा नियम उलटतो.

१०. सेवाग्रामकडे वळू. आदि निवास आणि बापू कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा परिसरातल्या साहित्याच्या आहेत; त्यांच्या घडणीत मीराबेन यांचा मोठा वाटा होता. जमीन मातीची, शेणाने सारवलेली. शेणातले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, वरचा थर धुळीसारखा सुटत नाही, लहान भेगा त्याच हाताने बुजतात. पण सारवण टिकाऊ नसते. काही दिवसांत ते पायांनी झिजते आणि पुन्हा करावे लागते. कवेलू दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात. कुटी आज दिसते ती १९३६ नंतर अखंडपणे पुन्हा पुन्हा सारवली गेल्यामुळे.

११. सारवण कोण करी? विदर्भाच्या घराघरांत हे काम बाईच्या वाट्याला होते. सार्वजनिक झाडलोट आणि मैला जातीच्या उतरंडीत सर्वांत खाली ढकललेल्या माणसांच्या माथी. जमीन कोणी झाडायची आणि तिच्यावर पाय कोणी ठेवायचा, हे दोन्ही जातच ठरवीत असे. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचे दार जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये दलितांसाठी उघडले, तेव्हा त्यातला एक प्रश्न शब्दशः हाच होता: या फरशीवर कोणाचे पाऊल पडू शकते? आश्रमात झाडणे आणि संडास साफ करणे ही सर्वांची पाळी ठरली, ती याच पार्श्वभूमीवर.

१२. हा विचार शिक्षणातही उतरला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला आणि पुढे सेवाग्रामात हिंदुस्थानी तालिमी संघाचे काम आर्यनायकम दांपत्याने सांभाळले. नई तालीममध्ये हस्तोद्योग केंद्रस्थानी होता आणि सफाई हा शिक्षणाचाच भाग होता. आपण वापरतो ती जागा आपणच राखावी, हे येथे पाठ म्हणून शिकवले गेले. ‘तालीम’ हा शब्द कुस्तीच्या घरालाही आहे आणि शिक्षणालाही. मूळ अरबी अर्थ एकच, शिकवणे.

१३. आता लाकडी जमिनीचा जन्म. डिसेंबर १८९१, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गाव. बाहेर बर्फ, आत वायएमसीएच्या व्यायामशाळेत कंटाळलेले विद्यार्थी. जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या टांगल्या आणि बास्केटबॉल सुरू झाला. १८९५ मध्ये जवळच्याच होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला. दोन्ही खेळ हिवाळ्यामुळे छताखाली आले आणि व्यायामशाळेची लाकडी जमीन त्यांच्या नियमांचा अदृश्य भाग बनली. चेंडू सारखा उसळतो हे गृहीत धरले, तरच टप्पा देत पळण्याला अर्थ राहतो. बर्लिनच्या चिखलात हे गृहीतकच वाहून गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासून हा खेळ छताखाली गेला.

१४. अमेरिकेत मेपल या झाडाचे लाकूड क्रीडागृहांचे लाकूड ठरले. ते कठीण असते, त्याचे पोत घट्ट असतात, त्याच्या सहसा कुसळ्या निघत नाहीत आणि फिकट रंगावर रेषा स्पष्ट दिसतात. मेपलची जमीन करणाऱ्या उत्पादकांनी १८९७ मध्ये आपली संघटना स्थापून दर्जाचे नियम घातले. नीट राखलेली जमीन किती टिकते? पॅरिसच्या रू द ट्रेव्हीस या रस्त्यावरील वायएमसीएच्या तळघरात १८९३ मध्ये युरोपातील पहिला बास्केटबॉल सामना झाला. ती लाकडी जमीन शंभर वर्षांनंतरही खेळण्यात होती. २०१९ मध्ये त्या रस्त्यावर झालेल्या वायूस्फोटाने इमारतीचे नुकसान होईपर्यंत तिला कोणी हरवू शकले नव्हते.

१५. हे लाकूड इतके जपावे का लागते? कापलेले लाकूडही हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र फुगते व आकसते. शेजारी शेजारी ठोकलेल्या शेकडो पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी केसभर फुगली, तरी पूर्ण दालनात ती वाढ काही इंचांवर जाऊ शकते. जागा नसेल तर जमीन मधोमध उचलली जाते. म्हणून चारही भिंतींलगत मोकळी फट सोडतात आणि वर पट्टी लावून ती झाकतात. वर्ध्यासारख्या ठिकाणी, जिथे मे आणि जुलै या दोन महिन्यांत हवा दोन वेगळ्या देशांची वाटते, तिथे या फटीचे महत्त्व अधिकच.

१६. लाकडाखालची रचना वरच्या लाकडाइतकीच महत्त्वाची. काँक्रीटवर ओल अडवणारा थर, त्यावर रबराच्या गादीवर बसवलेल्या आडव्या दांड्या, त्यावर पट्ट्या. उडी मारणाऱ्याचा धक्का ही रचना शोषते. यासाठीच्या जर्मन मानकानुसार जमिनीने काँक्रीटच्या तुलनेत निम्म्याहून अधिक धक्का शोषला पाहिजे आणि तरीही चेंडूची उसळी काँक्रीटवरील उसळीच्या ९० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. एकीकडे गुडघा वाचवायचा, दुसरीकडे चेंडू मारायचा नाही. वस्तादाची मुठीतली माती हीच कसरत करीत होती.

१७. निगेचे नियम साधे, पण रोजचे. धूळ हा पहिला शत्रू. बुटाखाली आलेला वाळूचा कण पॉलिश कापत जातो. म्हणून रोज, आणि वर्दळ असेल तर दिवसातून अनेकदा, रुंद कोरड्या मॉपने धूळ उचलायची. पाणी हा दुसरा शत्रू. बादलीने पाणी ओतून पुसणे म्हणजे पट्ट्यांच्या सांध्यात ओल भरणे. घाम सांडला तर लगेच टिपायचा. बाहेरचे बूट बाहेर. सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा वरचा थर हलका घासून नवा थर द्यायचा आणि बऱ्याच वर्षांनी एकदा संपूर्ण जमीन रंधून नव्याने रेषा आखायच्या. आपल्याकडे यात वाळवीची भर पडते. ती खालून येते आणि पट्टी पोकळ वाजेपर्यंत दिसत नाही.

१८. मग विदर्भाचे सागवान का वापरू नये? सेलू तालुक्यातल्या बोरच्या जंगलात सागवान आहे आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान तर देशभर प्रसिद्ध. साग कमी फुगतो, वाळवीला दाद देत नाही. पण तो मेपलपेक्षा मऊ असतो, म्हणून चळे लवकर पडतात. शिवाय त्याच्यातले नैसर्गिक तेल पॉलिशचा थर नीट चिकटू देत नाही. घराच्या दाराला जो गुण, तो कोर्टाला अडचण. साग वापरता येतो, वापरला जातो. त्याची निगा मात्र सागाच्या स्वभावाने करावी लागते, परदेशी पुस्तिकेतून उतरवून चालत नाही.

१९. महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा उलटाही आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी उघड्यावर जो खेळ खेळत, त्याला ‘पूना’ असेही नाव होते. तोच बॅडमिंटन. इंग्लंडमध्ये वारा टाळण्यासाठी तो छताखाली गेला. ऑल इंग्लंड स्पर्धेची सुरुवात १८९९ मध्ये लंडनच्या एका लष्करी कवायतीच्या दालनात झाली. भारतात मात्र दालनेच दुर्मीळ होती. १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकणारे प्रकाश पदुकोण बंगळुरूच्या एका लग्नाच्या कार्यालयात खेळून मोठे झाले. लग्नसराईत खेळ बंद राही.

२०. मातीच्या खेळांनाही जमीन बदलावी लागली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले आणि ते सहावे आले. चार वर्षे त्या जमिनीचा अभ्यास करून १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. कबड्डी १९९० मध्ये आशियाई स्पर्धेत गेली आणि पुढे मॅटवर स्थिरावली. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात. स्पर्धेच्या व्यवस्थेनेच दोन जमिनींचे अस्तित्व मान्य केले आहे.

२१. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीचे संकुल उभे राहिले. त्यानंतरच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत क्रीडा संकुले आली आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यांतल्या मुलांनाही छताखालची जमीन मिळू लागली. हा बदल लहान नाही. पण त्याबरोबर एक तुटणूकही झाली. हौद खणणारा आणि हौदात लढणारा एकच होता. कोर्ट पुसणारा आणि कोर्टावर खेळणारा बहुधा एक नसतो. निगा हे कोणा कंत्राटी कामगाराचे काम झाले आणि त्याला लाकूड म्हणजे काय हे सांगणे कोणाचेच काम उरले नाही. सवयीने फरशीसारखे पाणी ओतून पुसले जाते आणि दोष त्याच्या माथी जातो.

२२. पैशाचा हिशेबही याच दिशेने झुकतो. बांधकामाला एकदाच निधी लागतो, कोनशिला बसते, छायाचित्र निघते. निगेला दरवर्षी थोडा थोडा निधी लागतो आणि तिचे उद्घाटन होत नाही. सार्वजनिक सभागृहात लग्न, प्रदर्शन, परीक्षा असे सारे भरते. लोखंडी खुर्च्या ओढल्या जातात. सारवलेली जमीन दर पंधरवड्याला कोणाचा तरी हात मागते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष झाले की लगेच दिसते. लाकडी जमीन वर्षे-दोन वर्षे गप्प सोसते आणि मग एकदम उचलते. टिकाऊ वस्तूची हीच फसवणूक असते.

२३. तुटलेले हे नाते लाकडावरही जोडता येते, याचा दाखला जपानमध्ये आहे. तेथील जुन्या पद्धतीच्या डोजोंत विद्यार्थी सरावाच्या वेळी लाकडी जमीन स्वतः पुसतात. घट्ट पिळलेले फडके दोन्ही हातांनी दाबून, कंबर वर ठेवून, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत धावत. पाणी कमी, व्यायाम भरपूर, आणि कोणती पट्टी सैल झाली आहे हे तळहाताला कळते. फावड्याच्या जागी फडके आले, एवढाच फरक. कोल्हापूरचा वस्ताद हे पाहून चकित झाला नसता. सेवाग्रामचा शिक्षकही नाही.

२४. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक साधन मिळते. एखाद्या तालमीचा, शाळेचा, क्रीडागृहाचा इतिहास लिहिताना कोनशिलेवरचे नाव आणि पदकांचा फलक यांच्याबरोबर खर्चाची वही मागावी. ताक, हळद, एरंडेल, शेण, मॉप, पॉलिश यांवर कधी किती खर्च झाला आणि ते काम कोणाच्या नावावर आहे, हे पाहावे. जमनालालजींनी दार उघडले त्याची तारीख आपल्याला ठाऊक असते. ती फरशी रोज झाडणाऱ्याचे नाव ठाऊक नसते.

२५. आणि ज्यांना वही मिळणार नाही, त्यांच्यासाठी प्रत्यक्ष पुरावा आहे. जवळच्या क्रीडागृहात जावे, बूट बदलावेत आणि भिंतीलगतची ती फट पाहावी. ती मोकळी आणि स्वच्छ असेल, तर त्या इमारतीत लाकडाचा स्वभाव जाणणारे कोणीतरी आहे. ती धुळीने, कागदाच्या बोळ्यांनी किंवा सिमेंटने बुजलेली असेल, तर पुढच्या पावसाळ्यात काय होईल ते सांगण्यासाठी भविष्यवेत्ता नको.